हॉट रॉडचं मॉडेल: आधी बैठक, मग रंग

१/२५ या मापात खऱ्या गाडीचा एक इंच मॉडेलवर १.०१६ मिलिमीटर भरतो. म्हणजे व्यवहारात इंचाला मिलिमीटर धरलं तरी चालतं. जुन्या धाटणीचा हॉट रॉड, म्हणजे वेगासाठी कापून-बदलून हलकी केलेली जुनी गाडी, बांधणाऱ्याला ही मोठीच सोय आहे, कारण या गाड्यांचं सगळं बोलणं इंचांत चालतं: छत तीन इंच कापलं, बॉडी चार इंच खाली बसवली, पुढचा ॲक्सल चार इंच खाली घेतला. हे आकडे तसेच उचलायचे आणि पट्टीवर मिलिमीटरमध्ये मोजायचे. १९३२च्या फोर्डचा व्हीलबेस १०६ इंच होता, तेव्हा मॉडेलवर दोन ॲक्सलमधलं अंतर १०८ मिमीच्या आसपास यायला हवं. १/२४च्या किटमध्ये इंचाला १.०६ मिमी धरा. दोन्ही मापांचे सुटे भाग एकत्र वापरायची वेळ येतेच. इंजिन आणि चाकं त्यात खपून जातात, बॉडी आणि चॅसी मात्र जुळत नाहीत.

इथे सांगितलेलं काम १९३२च्या फोर्डच्या फाइव्ह-विंडो कूपवर (विंडस्क्रीन सोडून पाच खिडक्यांची, दोन दारांची गाडी) आहे. छत ३ मिमी कापलेलं, बॉडी ४ मिमी खाली, फ्लॅटहेड व्ही-८ इंजिन, मडगार्ड नाहीत. हीच पद्धत फोर्डच्या ‘मॉडेल ए’ या गाडीच्या कूपलाही लागू पडते.

साल आधी ठरवा

अशी मॉडेलं फसतात ती हात कच्चा असल्यामुळे कमी आणि सालांच्या सरमिसळीमुळे जास्त. दक्षिण कॅलिफोर्नियातली तरुण पोरं जुन्या फोर्ड घेऊन मुरॉक आणि एल मिराजच्या कोरड्या तळ्यांवर वेग आजमावायची. त्यांच्या क्लबांनी १९३७ साली एससीटीए (सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन) ही संघटना काढली आणि १९४९पासून बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावरही तिच्या वेगचाचण्या सुरू झाल्या. मडगार्ड, फूटबोर्ड, बंपर उतरवण्यामागे वजन आणि हवेचा अडथळा कमी करणं एवढंच गणित होतं. दिखावा नंतर आला.

समजा १९५० साल धरलं. मग १६ इंची स्टीलची चाकं चालतात, १९३९च्या फोर्डचे थेंबाच्या आकाराचे टेललाइट चालतात, १९५०च्या पाँटिॲकचे गोल टेललाइटही चालतात. १९४९मध्ये आलेली कॅडिलॅकची ३३१ आणि ओल्ड्समोबिलची ३०३ घनइंची इंजिनंही शोभतात. शेव्हरोलेचं स्मॉल ब्लॉक इंजिन चालत नाही, ते १९५५च्या मॉडेलांबरोबर आलं. चमकीचा मेटलफ्लेक रंग, मॅग (हलक्या मिश्रधातूची) चाकं, डिस्क ब्रेक, बारीक कडांचे रेडियल टायर हे सगळं पुढच्या काळातलं. किटच्या डब्यात हे भाग असतात आणि दिसायला देखणे असतात, पण एक जरी चुकीच्या काळातला भाग बसला तरी जाणकाराची नजर आधी तिथेच जाते. साल एका कागदावर लिहून समोर ठेवा आणि प्रत्येक भाग बसवण्याआधी त्याला त्या सालाशी ताडून बघा. गंजकट रॅट रॉड हा वेगळा, बऱ्याच नंतरचा प्रकार आहे. १९५०चा पोरगा गंज मिरवत नसे, प्रायमर मारून मोकळा होत असे.

रेव्हेल आणि एएमटी या दोन कंपन्यांची १९३२च्या फोर्डची १/२५ मापातली किटं यासाठी धुंडाळावीत. स्ट्रीट रॉड धाटणीचं, म्हणजे नव्या काळातले भाग लावलेल्या गाडीचं किट असेल तर त्यातून बॉडी, चॅसीचे रूळ (दोन बाजूंचे लांब दांडे), ग्रिल आणि आतली बादली (तळ, बाजू आणि सीट असलेला बॉडीच्या आतला भाग) घ्या. सस्पेन्शन, चाकं आणि इंजिन बहुधा दुसऱ्या किटमधून आणावं लागतं. एका चांगल्या हॉट रॉडला दोन किटं लागतात असंच धरून चाला.

हाताशी काय हवं

निपर, ११ नंबरचं पातं लावलेला कटर, ०.२ मिमी पात्याची बारीक दातांची करवत, हाताने फिरवायचं ड्रिल आणि ०.३ ते १ मिमीचे बिट, ४०० ते २००० नंबरचे पॉलिश पेपर, डिजिटल कॅलिपर. चिकटवायला पातळ लिक्विड सिमेंट, सुपरग्लू, पाच मिनिटांचं इपॉक्सी आणि काचांसाठी पांढरा गोंद. स्टायरीनच्या ०.५, १ आणि २ मिमीच्या पट्ट्या, १ मिमीची पितळी तार, २ मिमीची सोल्डरची तार. आणि जाड काचेचा एक सपाट तुकडा, साधारण ए४ कागदाएवढा. चॅसी सरळ बांधायची तर याला पर्याय नाही.

काम सुरू करण्याआधी सगळे भाग, ते ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात तिच्यासकट, कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाने धुवा. साच्यातून भाग सुटावा म्हणून लावलेला तेलकट थर राहिला तर रंग त्या जागी माशाच्या डोळ्यासारखा फाटतो.

बैठक

बैठक म्हणजे गाडी जमिनीपासून किती खाली आणि किती झुकून उभी राहते ते. रंगाचा डबा उघडायच्या आधी गाडी कच्ची उभी करायची. बॉडीचे तुकडे मास्किंग टेपने बांधा, ॲक्सल आणि चाकं पोस्टर चिकटवायच्या पुट्टीने टेकवा आणि गाडी काचेवर ठेवून डोळ्यांच्या पातळीवर आणून बाजूने बघा. वरून बघून काही कळत नाही.

पुढचा टायर बाहेरून साधारण २७ मिमी व्यासाचा आणि मागचा ३१ मिमीच्या जवळपास असावा. या लहान-मोठ्या जोडीनेच गाडी पुढे झुकते. चॅसीचा पुढचा भाग मागच्यापेक्षा ३ ते ४ मिमी खाली आला की झुकाव सुमारे दोन अंशांचा होतो, आणि डोळ्यांना तेवढाच पुरतो. त्याहून जास्त झाला की गाडी नाक घासत निघाल्यासारखी वाटते. आणखी एक नियम खऱ्या गाड्यांचा आहे आणि मॉडेलवरही पाळावा: रिमच्या खालच्या कडेपेक्षा खाली गाडीचा कुठलाच भाग जाऊ नये. टायर पंक्चर होऊन गाडी रिमवर आली तरी काही रस्त्याला घासू नये, हे त्यामागचं कारण. १६ इंची रिम आणि २७ इंची टायर असेल तर जमिनीपासून रिमपर्यंत साडेपाच इंच राहतात, म्हणजे मॉडेलवर साडेपाच मिमी. स्टायरीनचा साडेपाच मिमी उंचीचा ठोकळा करून ठेवा आणि तो चॅसीखालून सगळीकडे सरकवून बघा. एक्झॉस्टचे पाइप आणि इंजिनाचं ऑइल पॅन इथे हमखास अडकतात.

बैठक पटली की दोन्ही बाजूंचे फोटो काढा आणि चार ठिकाणच्या उंच्या लिहून ठेवा: पुढे-मागे रुळाची खालची कड, दाराची खालची कड, छताचा माथा. पुढची सगळी कापाकापी या आकड्यांवर होणार आहे.

छत कापणं

छत कापायला लोक उगाच घाबरतात. प्लॅस्टिक कापणं सोपं आहे, कठीण आहे ते परत जुळवणं.

तीन मिमी रुंदीच्या मास्किंग टेपच्या पट्ट्या स्टीलच्या पट्टीवर कापून घ्या. बॉडी काचेवर ठेवा, तिच्या शेजारी ठोकळ्यांची चळत रचून वर पेन्सिल आडवी धरा आणि बॉडीभोवती फिरवून सगळ्या खांबांवर एकाच उंचीची रेघ मारा. टेपची खालची कड या रेघेवर बसवायची. रेघ खिडकीच्या उभ्या, सरळ भागातच हवी. वरच्या कोपऱ्यांच्या गोलाईत करवत गेली तर खिडकीचा आकार बिघडतो आणि तो पुन्हा कोरणं जिकिरीचं आहे.

कापण्याआधी बॉडीच्या आत, दाराच्या काठाखाली, किटच्या चौकटीचा एक जाड तुकडा आडवा टेकवून थेंबभर सुपरग्लूने अडकवा. छत निघाल्यावर खालचा भाग उघड्या खोक्यासारखा लवतो आणि दाबला गेला तर विंडस्क्रीनच्या पायाशी तडकतो.

आधी वरची रेघ कापा, मग खालची. करवत टेपच्या आतल्या बाजूने चालवा, म्हणजे पात्याची जाडी काढून टाकायच्या पट्टीतून जाते. दोन्ही बाजूंना ०.३ मिमी शिल्लक ठेवा आणि तेवढं काचेवर पसरलेल्या ४०० नंबरच्या पॉलिश पेपरवर घासून रेघेपर्यंत आणा. करवतीवर जोर द्यायचा नाही. जोर दिला की पातं खांबातून तिरकं उतरतं, आणि ते आतल्या बाजूने दिसतही नाही.

आता छत खाली ठेवलं की ते जुळणार नाही, आणि यात तुमचं काही चुकलेलं नाही. पुढचा खांब वर जाताना मागे झुकतो, मागची भिंत वर जाताना पुढे येते, बाजू आत येतात. मधले तीन मिमी काढले की वरचा भाग सगळीकडून खालच्यापेक्षा किंचित आखूड आणि अरुंद पडतो. तीन मिमीच्या कापाला सोपा उपाय पुरतो: खालच्या खांबांच्या मुळाशी आतून कटरने अर्ध्या जाडीपर्यंत खाच घ्या आणि खांब हलक्या हाताने वाकवून वरच्याशी भिडवा. खाचेत लिक्विड सिमेंट सोडलं की ती तिथेच पक्की होते. काप चार मिमीच्या वर असेल तर मात्र छतच आडवं कापून मध्ये १ मिमीची स्टायरीन पट्टी भरावी लागते. खांब त्याहून जास्त वाकवले तर दाराच्या खिडकीची चौकट तिरकी दिसायला लागते.

प्रत्येक खांबात ०.४ मिमीचं भोक पाडून तारेचा छोटा तुकडा खिळ्यासारखा बसवा, मग सिमेंट लावा. पूर्ण एक दिवस हात लावू नका. सांध्यातली फट पुट्टीने भरायचा मोह टाळा. खांबासारख्या बारीक जागी पुट्टी सुकताना आकसते आणि रंगानंतर आठवड्याभराने रेघ वर येते. फटीत स्टायरीनची काप सरकवा किंवा सुपरग्लू भरा. सुपरग्लू भरला तर तासाभरातच घासून घ्या, नंतर तो प्लॅस्टिकपेक्षा कडक होतो आणि घासताना आजूबाजूचं प्लॅस्टिकच आधी खपतं.

शेवटी दोन्ही दारांच्या खिडक्यांची उंची कॅलिपरने मोजा. ०.३ मिमीचा फरक आकड्यात किरकोळ वाटतो. समोरून मात्र छत एका बाजूला कललेलं दिसतं.

बॉडी खाली, पण ग्रिलचं काय?

बॉडी चॅसीवर खाली उतरवायची म्हणजे तळ सोडून भिंती खाली घ्यायच्या. आतल्या बादलीचा तळ कापून ४ मिमी वर चढवा आणि बॉडीची खालची कड रुळांच्या बाहेरून खाली येऊ द्या. यात दोन गोष्टी लगेच अडतात. एक म्हणजे सीट. तळ चार मिमी वर आला आणि छत तीन मिमी खाली आलं, तेव्हा ड्रायव्हरसाठी सात इंच कमी झाले. सीटची गादी पातळ करून जवळजवळ तळावरच ठेवावी लागते आणि स्टिअरिंगचा दांडा अधिक आडवा करावा लागतो. खऱ्या गाड्यांतही हेच करत. दुसरी गोष्ट फायरवॉल, म्हणजे इंजिन आणि आतली जागा यांच्यामधली भिंत. ती गिअरबॉक्सच्या कवचावर आपटते, तिथे अर्धगोल खाच घ्या.

बॉडी खाली गेली आणि ग्रिल तिथेच राहिली तर बॉनेटची रेघ पुढे वर चढते आणि गाडीची सगळी ऐट जाते. ग्रिलचं कवच तेवढंच आखूड करावं लागतं. १९३२च्या ग्रिलच्या काड्या उभ्या आहेत ही त्यातली चांगली बाब. कवचाचा वरचा गोल भाग तसाच ठेवून खालच्या सरळ भागातून ४ मिमीची पट्टी काढा, काड्या जुळवा, सांधा मागून स्टायरीनच्या पट्टीने बांधा. आडव्या काड्यांच्या ग्रिलवर हा सांधा लपला नसता. रेडिएटरही तेवढाच कापायचा, नाहीतर तो कवचाच्या वर डोकं काढतो.

चॅसी

रूळ, आडव्या पट्ट्या आणि ॲक्सल हे सगळं काचेवर ठेवूनच चिकटवा. सिमेंट ओलं असताना रुळांवर सपाट वजन ठेवा. चार चाकांपैकी एक हवेत राहणं हा हॉट रॉड मॉडेलचा नेहमीचा आजार आहे. मडगार्ड नसल्यामुळे तो झाकायला काही उरत नाही.

पुढे एकच आडवी पट्ट्यांची स्प्रिंग आणि खाली वळवलेला ॲक्सल. किटमध्ये असा ॲक्सल नसेल तर स्प्रिंगची मधली एक-दोन पानं घासून ती सपाट करा, गाडी १ ते २ मिमी खाली येते. मूळ फोर्डमध्ये ॲक्सलपासून निघालेले दोन दांडे मागे एका ठिकाणी जुळून व्ही आकार करतात. इंजिन आणि गिअरबॉक्स बदलला की हा जोड आड येतो, म्हणून तो कापून दोन्ही दांड्यांची टोकं दोन बाजूंच्या रुळांवर बसवत. मॉडेलवर हा कापलेला व्ही करायला दहा मिनिटं लागतात. टोकाशी १ मिमी स्टायरीनचा छोटा कान लावा, त्यात ०.५ मिमीचा खिळा घाला. ज्याला माहीत आहे तो चॅसी उलटी करून आधी हेच बघतो.

चाकांसाठी किटमधल्या प्लॅस्टिकच्या खुंट्यांवर भरवसा ठेवू नका. त्या कापून १ मिमीचं भोक पाडा आणि पितळी तार इपॉक्सीने बसवा. इपॉक्सी ओलं असतानाच गाडी काचेवर उभी करून चारही चाकं टेकली की नाही ते पाहा, हवं तसं हलवा, मग सुकू द्या.

ब्रेकच्या नळ्या ०.२५ मिमी तारेच्या, पेट्रोलची नळी ०.४ मिमीची. त्याहून जाड तार लावली की पाण्याचा पाइप वाटतो.

फ्लॅटहेड

मॉडेलचा हा भाग सगळ्यात जास्त बघितला जातो, कारण अशा गाड्यांचं बॉनेट बहुतेक वेळा काढूनच ठेवलेलं असतं. फोर्डने १९३२ साली हे व्ही-८ आणलं तेव्हा ते २२१ घनइंचांचं आणि ६५ अश्वशक्तीचं होतं. याच्या झडपा हेडमध्ये नसून ब्लॉकमध्येच आहेत, म्हणून हेड म्हणजे नुसतं जाड, सपाट झाकण. जळालेला वायू ब्लॉकच्या आतून वाट काढत बाजूला येतो, आणि प्रत्येक बाजूच्या मधल्या दोन सिलिंडरांना मिळून एकच तोंड आहे. त्यामुळे प्रत्येक बाजूला स्पार्क प्लग चार असले तरी एक्झॉस्टची तोंडं तीनच असतात. सोल्डरच्या तारेचे हेडर, म्हणजे इंजिनापासून निघणारे एक्झॉस्टचे पाइप, घरी बनवताना सवयीने चार पाइप वाकवले जातात, आणि ती चूक दुरून ओळखू येते.

हेडर बनवायला २ मिमीची सोल्डरची तार घ्या. तार बोटांनी वाकवली तर चपटी होते आणि वळणावर सुरकुती पडते. ४ मिमीच्या ड्रिल बिटच्या मागच्या गुळगुळीत दांड्यावर हळूहळू गुंडाळत वळण द्या. दुसऱ्या बाजूचे तीन पाइप पहिल्यांचे आरशातलं रूप हवेत, म्हणून पहिले तीन कागदावर ठेवून बाह्यरेषा काढा, कागद उलटा करा आणि त्यावर दुसरे जुळवा. टोकाला १ मिमीचं भोक किमान २ मिमी खोल पाडा. भरीव टोकाचा पाइप खोटा वाटतो.

पाण्याच्या नळ्याही मोजून घ्या. दोन हेडमधून दोन वर, दोन पंपांकडे दोन खाली, एकूण चार. त्याही २ मिमीच्या सोल्डरच्या, वर मॅट काळा रंग, दोन्ही टोकांना मास्किंग टेपच्या ०.७ मिमी पट्टीचे क्लॅम्प.

दोन कार्बोरेटर बसवणं ही त्या काळची पहिली सुधारणा. त्यातल्या स्ट्रॉमबर्ग ९७ या कार्बोरेटरचं नाव त्याच्या ०.९७ इंचाच्या व्हेंचुरीवरून, म्हणजे हवेच्या वाटेतल्या अरुंद गळ्यावरून पडलं. वरून त्याचं तोंड एकच आणि गोल असतं, मॉडेलवर अडीच मिमीच्या थोडं वर. किटमध्ये ते सपाट टिकलीसारखं येतं. ड्रिलने २ मिमी खोल कोरून आत काळा रंग भरा. दोन्ही कार्बोरेटर जोडणारी पेट्रोलची नळी आणि ॲक्सिलरेटरची काडी एवढं केलं तरी इंजिन जिवंत होतं.

प्लगच्या तारा: खरी वायर ७ मिमी जाड, म्हणजे मॉडेलवर ०.२८. तेव्हा ०.३ मिमीची तार बरोबर. ०.५ची वापरली तर आठ तारांचा गुंता इंजिनावर पसरतो. रंग काळा किंवा मळकट करडा. झगझगीत निळ्या-लाल तारा पुढच्या काळातल्या. १९४९ ते १९५३ची इंजिनं घेतली तर डिस्ट्रिब्युटर पुढे उभा असतो आणि त्यात भोकं पाडणं सोपं जातं. ४ मिमीच्या टोपीवर कडेने आठ आणि मध्ये एक, प्रत्येकी ०.३५ मिमीचं. आधी सुईने खूण करा, नाहीतर बिट घसरतो. मधलं भोक कॉइलच्या तारेचं. ते बरेचजण विसरतात.

रंग

या काळाला काळा, गडद निळा, गडद लाल किंवा नुसता प्रायमर शोभतो. प्रायमरचा मळकट काळा किंवा तांबूस थर सोपा वाटतो, पण तो सगळ्यात कठीण आहे. चकचकीत रंगावरचा ओरखडा घासून काढता येतो. मॅट थर घासला की तिथे चमक येते आणि पूर्ण पॅनेल पुन्हा मारावं लागतं. बोटाचा तेलकट ठसाही त्यावर कायमचा उमटतो, म्हणून हातमोजे घाला.

चकचकीत काळ्यासाठी बॉडी ६०० नंबरने घासा, धुवा, पूर्ण वाळू द्या. प्रायमरचे दोन पातळ हात. प्रायमर मारल्यावर छताचे सांधे आडव्या उजेडात तपासा. जे काही दिसतंय ते काळ्यावर दुप्पट दिसणार आहे. प्लॅस्टिक लाल असेल तर प्रायमरखाली चंदेरी रंगाचा एक थर द्या, नाहीतर लाल रंग वरच्या थरांतून झिरपत राहतो आणि पांढऱ्याचा गुलाबी होतो.

मोटारींसाठीचा लॅकर थेट प्लॅस्टिकवर मारू नका. त्यातलं द्रावण पॉलिस्टायरीन खातं आणि पृष्ठभागावर बारीक भेगांचं जाळं पसरतं. इनॅमलवर लॅकर मारला तरी तेच होतं, खालचा थर सुरकुततो. उलट क्रम चालतो: खाली पूर्ण वाळलेला लॅकर, वर इनॅमल.

स्प्रेचा कॅन दहा मिनिटं कोमट पाण्यात ठेवा. गरम पाण्यात कधीच नाही, कॅन फुटू शकतो. २० ते २५ सेंमी अंतरावरून तीन धुकट हात, प्रत्येकाच्या मध्ये १० ते १५ मिनिटं, मग एक ओला हात. संत्र्याच्या सालीसारखा खरबरीत पोत आला तर तुम्ही फार लांबून मारलंत, रंग हवेतच अर्धा वाळला. ओघळ आला तर फार जवळून किंवा हात फिरवायचा थांबवून. दमट हवेत लॅकरवर पांढरट ढग येतो. द्रावण झपाट्याने उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि त्यावर दव धरतं, म्हणून. त्या दिवशी काम बंद ठेवलेलं बरं. ओघळ ओला असताना पुसू नका. तीन-चार दिवस वाळू द्या आणि मग १००० नंबरने पाण्यात घासा.

शेवटी २००० आणि त्याहून बारीक पेपरने पाण्यात घासून पॉलिशिंग कंपाउंड लावा. कडा आणि दाराच्या रेघांवर जोर लागला की रंग जाऊन प्रायमर दिसतो. त्या जागी आधी टेपची बारीक पट्टी लावा आणि सगळ्यात शेवटी काढून एकदाच हात फिरवा. स्प्रे आणि घासकामाच्या वेळी मास्क हवाच, आणि दोन भाग मिसळून लावायचा पारदर्शक क्लिअर थर वापरणार असाल तर साधा धुळीचा मास्क पुरत नाही, द्रावणाच्या वाफा अडवणारा लागतो.

क्रोम

किटचं क्रोम जाड आणि आरशासारखं असतं, आणि कापल्याच्या जागी प्लॅस्टिक उघडं पडतं. १९५०च्या घरगुती हॉट रॉडवर इतकं क्रोम नसायचंच. ॲक्सल, हेडलाइट, हेडरची टोकं एवढं ठेवा. बाकीचं उतरवायला भाग ब्लीचमध्ये, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटमध्ये, अर्धा तास बुडवा. खिडकी उघडी हवी. ब्लीचमध्ये आम्ल किंवा अमोनिया असलेलं दुसरं काहीही मिसळू नका, विषारी वायू तयार होतो. खाली वार्निशचा थर उरतो, तो ६०० नंबरने घासून प्रायमर मारा. जे क्रोमचे भाग ठेवले त्यांच्या चिकटवायच्या जागा खरवडा. सिमेंट क्रोमवर धरत नाही, भाग आज बसतो आणि महिन्याने गळून पडतो.

पुन्हा क्रोम हवं असेल तर गुळगुळीत, चकचकीत काळ्यावर एअरब्रशने क्रोम रंगाचा अगदी पातळ थर द्या. जाड झाला की तो करडा पडतो.

आत आणि काचा

आतली शिवण उभ्या पट्ट्यांची असते. १ मिमी अंतराच्या खाचा असलेलं स्टायरीनचं पान कापून दारांना आणि सीटला लावा, सेमी-ग्लॉस रंग द्या. पूर्ण चकचकीत केलं की रेक्झिन ओलं वाटतं. डॅशबोर्डवरच्या मीटरच्या डेकलवर (पाण्यात भिजवून चिकटवायच्या छापील चित्रावर) पांढऱ्या गोंदाचा एकेक थेंब सोडा, तो वाळून काच बनतो.

छत कापल्यावर किटच्या काचा बसत नाहीत. ०.२५ मिमी जाडीच्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या पानातून नव्या कापा, आधी कागदाचा साचा करून. त्या पांढऱ्या गोंदानेच लावा. सुपरग्लूच्या वाफा काचेवर पांढरा धूर सोडतात, आणि बंद छताखाली तो पुसता येत नाही.

जोडणी

क्रम असा: चॅसीत इंजिन, मग हेडरशिवाय बॉडी, मग हेडर, शेवटी ग्रिल आणि हेडलाइट. हेडर आधी लावले तर बॉडी खाली बसत नाही आणि ती दाबली की पहिला बळी पुढच्या खांबाचा जातो. हेडलाइट ७ मिमी व्यासाचे. दोन्ही समोर, एकाच उंचीवर बघताहेत ना ते लांबून फोटो काढून तपासा, डोळा जवळून फसतो.

टायरचं एक सांगायचं राहतं. किटचे टायर बहुधा मऊ व्हिनाइलचे असतात, आणि त्यातला मऊपणा आणणारा पदार्थ हळूहळू बाहेर येऊन पॉलिस्टायरीन विरघळवतो. रिम आतून खाल्ली जाते, स्टँडच्या प्लॅस्टिकवर टायरचा खड्डा उमटतो. रिमच्या टेकणाऱ्या कडेवर ॲल्युमिनियम फॉइलची पट्टी गुंडाळून मग टायर चढवा, आणि मॉडेल लाकडावर किंवा काचेवर ठेवा. उन्हात आणि उबदार कपाटात हे लवकर घडतं. सुटे टायर स्पेअरच्या डब्यात पारदर्शक काचांबरोबर एकत्र टाकू नका, वेगळ्या पाकिटात ठेवा.